आखाड्याच्या शेजारचं झाड

नोकरीत केलेल्या ज्या कामाबद्दल मी आज सगळ्यांत जास्त बोलते, ते काम मला नको होतं.

मी जालन्याजवळच्या एका सरकारी रोपवाटिकेत होते. मोसंबी, डाळिंब, केशर आंबा यांची कलमं करायची आणि शेतकऱ्यांना द्यायची, हे आमचं रोजचं काम. एके दिवशी साहेबांनी बोलावलं आणि छापील तक्त्यांचा गठ्ठा हातात ठेवला. जिल्ह्यातली जुनी गावरान आंब्याची झाडं शोधायची, त्यांची नोंद करायची आणि निवडक झाडांची कलमं करून रोपवाटिकेच्या मागच्या पडीक तुकड्यात लावायची. तक्त्यात रकाने होते : उंची, खोडाचा घेर, फळाचं वजन, रंग, गोडी. सोबत गाडी नव्हती, माणूस नव्हता. माझी स्कूटी होती.

"साहेब, झाडं कुठं आहेत ते कसं कळणार?" मी विचारलं.

"शोधायची," साहेब म्हणाले आणि फोन घेतला.

ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. केशर आंब्याची हजार झाडं लावली तरी ती एका अर्थानं एकच झाड असतं. कारण ती सगळी कलमं असतात, म्हणजे एकाच झाडाच्या काड्या वेगवेगळ्या रोपांवर जोडलेल्या. गावरान आंबा कोयीतून येतो. आणि आपल्याकडची कोय आईसारखंच झाड देत नाही. मोहरावर बसलेली माशी कुठल्या झाडावरून उडून आली होती ते कुणाला माहीत नसतं. एकाच झाडाच्या दहा कोया लावल्या तर दहा भावंडं येतात, तोंडवळा सारखा पण स्वभाव निराळे. एक रसाचं, एक लोणच्याचं, एकाला बडीशेपेचा वास, एक नुसतंच आंबट आणि दोऱ्या-दोऱ्यांचं. लोकांनी त्यांना नावं दिली : शेप्या, गोटी, खोबऱ्या, शेंदऱ्या. यातलं एक झाड पडलं की तसं दुसरं कुठंही उरत नाही. त्याची कोय लावून ते परत मिळत नाही. ते जिवंत असताना त्याची काडी काढून कलम केलं तरच ते राहतं.

हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. कळलं मात्र अंबडजवळच्या एका झाडामुळं.

माझ्या नोंदीतलं ते चौथं झाड. एका शेतकऱ्याच्या विहिरीपाशी उभं होतं. त्याचा आंबा पिकला तरी बाहेरून हिरवाच राहायचा, आतून मात्र केशरी. घरच्या बायका देठापाशी हुंगून पिकलेला ओळखायच्या. मी उन्हाळ्यात गेले, टेप लावून घेर मोजला, पाच फळं वजन करून घेतली, चहा प्यायले आणि सुवाच्य अक्षरात तक्ता भरून परत आले. काड्या पावसाळ्यात काढायच्या असं ठरवलं होतं, कारण आंब्याचं कलम पावसाळ्यात चांगलं धरतं. श्रावणाच्या आधी गेले तर विहिरीपाशी मोसंबीच्या नव्या रोपांची रांग होती.

शेतकरी भला माणूस होता. त्यानं लपवाछपवी केली नाही. "बाई, तुम्ही मोजून, लिहून घेऊन गेल्या," तो म्हणाला. "मंग मला वाटलं सरकारचं काम झालं. अगुदर सांगितलं असतं तर ठेवलं असतं की."

तो तक्ता अजून फाइलीत आहे. एकही रकाना रिकामा नाही आणि झाड नाही. त्यानंतर कुणी माझ्या अक्षराचं कौतुक केलं की मला तो तक्ता आठवतो.

त्याच पावसाळ्यात मला रशीदचाचा भेटले. ते बागवान, म्हणजे उभ्या झाडांची फळं हंगामापुरती घेऊन, उतरवून, पिकवून बाजारात विकणारे. वय सत्तरीच्या पुढं, पाठ ताठ, गुडघे गेलेले. जालन्याच्या बाजारात ते आंब्याची शेवटची पाटी घेऊन बसले होते. आखाड लागला होता, बाजारात कुणाकडंही आंबा नव्हता आणि यांच्याकडं होता. लहान, लांबट, पातळ सालीचा. मी एक चोखून बघितला आणि तिथंच बसले.

"चाचा, हा कुठला?"

"हसनाबादच्या अलीकडं, सडकेला झाड आहे. आखाड्या म्हणतात त्याला."

मी त्यांना माझं काम सांगितलं, तक्ता दाखवला. चष्मा नाकावर ओढून त्यांनी तो मला वाचायला लावला. मी एकेक रकाना वाचला. ते ऐकत राहिले.

"मोहर कधी येतो, ते कुठं लिहायचं?"

"तसा रकाना नाही."

"पाड कधी लागतो? किती दिवस टिकतो? फांदी कच्ची का चिवट?"

"तेही नाही."

"मंग झाडाचं काय लिहिलं तुम्ही?" ते म्हणाले. टोमणा नव्हता त्यात. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यापासून रशीदचाचा माझ्या स्कूटीवर मागं बसू लागले. पहिल्या दिवशी त्यांच्या घरून चाची दारापर्यंत आल्या आणि मला म्हणाल्या, "बेटी, इनकू पाडना नको." तीन वर्षांत मी त्यांना एकदाही पाडलं नाही. ही माझ्या नोकरीतली एक कामगिरी मी इथं मुद्दाम नोंदवते.

भोकरदन तालुक्यातलं प्रत्येक आंब्याचं झाड त्यांच्या अंगाला माहीत होतं. हे मी नटवून लिहीत नाही. ते त्या झाडांवर चढले होते. कुठल्या झाडाला मधमाश्यांचं पोळं असतं, कुठल्याची फांदी दिसायला जाड पण आतून पोकळ, कुठलं झाड एक वर्ष देतं आणि एक वर्ष रुसतं, हे ते वाटेत सांगायचे. झाडापाशी गेलं की आधी एक पान तोडायचे, तळहातावर चुरडायचे, हुंगायचे आणि माझ्यापुढं हात करायचे. सुरुवातीला मला सगळ्यांचा वास सारखाच यायचा. दुसऱ्या वर्षी थोडा थोडा फरक कळायला लागला. कैरीसारखा, कापरासारखा, ओल्या हळदीसारखा. गावोगावच्या शेतकऱ्यांकडं त्यांचा शब्द चालायचा. माझ्या ओळखपत्राकडं कुणी बघत नसे. "चाचा आल्ते का सोबत? मंग घ्या काड्या," असं म्हणायचे.

आखाड्याच्या बाबतीत मात्र शब्द चालण्यासारखा नव्हता. ते झाड सडकेच्या कडेला, म्हणजे सरकारी जागेत होतं. चाचांच्या आधी त्यांचे वडील त्याची फळं उतरवायचे. सगळ्या झाडांना पौष-माघात मोहर येतो तेव्हा आखाड्या गप्प उभा असायचा. इतरांच्या कैऱ्या लिंबाएवढ्या झाल्या की मग त्याला मोहर यायचा. आमच्या भागात माघ-फाल्गुनात गारपीट होते आणि बहरातली झाडं एका दुपारीत झोडपून निघतात. आखाड्याला गारांनी कधी काही केलं नाही, कारण त्या वेळी त्याच्या अंगावर झडण्यासारखं काही नसायचंच.

"गार पडली त्या सालात ह्या एका झाडानं आमचं घर चालवलं," चाचा म्हणाले होते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसत होती. हवामान असं लहरी होत असताना उशिरा मोहरणारं झाड पुढच्या कितीतरी बागांची आई होऊ शकतं. तक्त्यात मात्र त्याला वजनात कमी गुण होते, रंगातही कमी.

दोन पावसाळे मी त्याच्या काड्या काढल्या आणि दोन्ही वेळा माझ्याच घाईनं कलमं गेली. एकदा काडी कोवळी होती, एकदा आणायला उशीर होऊन सुकली. तिसऱ्या पावसाळ्याची वाट बघत होते, तेवढ्यात सडक रुंद करायचं ठरलं. खोडावर लाल रंगानं आकडा पडला. काम उन्हाळ्यानंतर सुरू होणार असं ऐकलं होतं.

पौषात एका सकाळी चाचांचा फोन आला. "बाई, करवत आली आहे. जल्दी या."

मी ओलं गोणपाट, कलमाचा चाकू आणि केळीच्या खोडाची सोपटं घेऊन निघाले. स्कूटीवर सोबत कौसाबाई होती. कौसाबाई म्हणजे आमच्या रोपवाटिकेतली कलमं बांधणारी. तिच्या हातची शंभर कलमं बांधली तर नव्वद धरायची. मला पदवी होती आणि माझी साठ धरायची.

आम्ही पोचलो तेव्हा झाड आडवं झालं होतं. करवत बंद होती. चाचा रस्त्याच्या कडेला उभे होते आणि त्यांच्यापाशी तोडणाऱ्या टोळीचा मुकादम. परमुलखातला माणूस, मराठी मोडकी बोलणारा.

"मी ह्यांना म्हटलं, पाडायचं ते पाडा," चाचा म्हणाले. "पण फांद्या तोडू नका. आमची एक बाई येऊन राह्यली."

मुकादम मला म्हणाला, "बुजुर्ग ने बोला तो रुक गया. जितना टाइम लगता है, ले लो."

मग चाचा त्या पडलेल्या झाडाच्या शेंड्यात शिरले. आयुष्यभर ज्या शेंड्याकडं ते खालून वर चढत गेले, तो आता त्यांच्या कमरेएवढ्या उंचीवर होता. ते हळूहळू पानं बाजूला करत चालले. एका जागी थांबून त्यांनी फांदीच्या बेचक्यावर हात ठेवला. तिथली साल घासून गुळगुळीत झाली होती. "इथं मी बसायचो," ते म्हणाले. "माझे अब्बा बी इथंच बसायचे." एवढंच बोलले आणि पुढं सरकले.

"ही घ्या," ते काडी दाखवायचे. "ही न्हाई, ही सावलीतली आहे. ही घ्या, हिचा डोळा फुगला आहे."

कौसाबाई कापत होती, मी पानं छाटून काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळत होते. टोळीतली माणसं बिड्या ओढत बघत होती. शेवटी त्यांच्यातल्या दोघांनी उठून एक जड फांदी उचलून धरली, कारण तिच्याखाली चाचांना हवी असलेली काडी दबली होती.

रोपवाटिकेत परतल्यावर कौसाबाई स्पष्ट बोलली. "बाई, ह्या दिवसांत काडी धरत न्हाई. थंडी आहे, वर कोरडं वारं आहे."

"मग?"

"मंग काय. बांधायची."

नव्या कोयींची रोपं त्या दिवसांत मिळत नाहीत. गेल्या पावसाळ्यात पिशव्यांत वाढवलेली गावरान रोपं होती, कुठकुठल्या बाजारातून गोळा केलेल्या कोयींची. त्यांचे शेंडे उडवून, खोड उभं चिरून, काडीला पाचरीसारखी धार देऊन आम्ही त्या आत बसवल्या, पट्टी बांधली, वर प्लॅस्टिकची टोपी घातली. दोन दिवसांत सत्तर कलमं झाली. कौसाबाई जेवायलाही नीट उठली नाही. तिच्यापुढं माझी पदवी मी त्या दोन दिवसांत पुष्कळदा विसरले.

उन्हाळा लागेपर्यंत नऊ जगली. उन्हाळ्यात मला महिनाभर पाहणीच्या दुसऱ्या कामाला पाठवलं. परत आले तेव्हा तीन हिरवी होती. मी तिघांना स्वतःच्या हातानं मागच्या तुकड्यात लावलं आणि साहेबांना अहवाल दिला : आखाड्या, तीन झाडं.

दोन वर्षांनी चाचा झाडं बघायला आले. त्यांनी पहिल्याचं पान चुरडलं, हुंगलं, मान हलवली. दुसऱ्याचं तसंच. तिसऱ्याचं पान त्यांनी दोनदा हुंगलं.

"हा आखाड्या न्हाई."

मी वाकून बुंध्याशी बघितलं. कलमाचा सांधा होता, पण त्याच्यावरची काडी कधीच वाळून गळून गेली होती. जे वाढलं होतं ते सांध्याच्या खालून, मूळ रोपाचं. अशी खालची फूट दिसली की लगेच खुडायची, हे मी दरवर्षी प्रशिक्षणाला येणाऱ्या शेतकऱ्यांना शिकवायचे. त्या उन्हाळ्यात परत आले तेव्हा मला तीन हा आकडा हवा होता. हिरवं दिसलं आणि मी खूश झाले. नीट बघितलं नाही.

साहेबांना मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत, पण म्हणाले, "काढून टाका. संग्रहात बेवारशी झाड नको." नियमाप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं.

चाचांना हे सांगितलं तेव्हा ते बांधावर बसले होते. "बाई, त्याची चूक काय?" ते म्हणाले. "त्याचं डोकं आपण कापलं, तरी ते जगलं. राहू द्या. खाऊन बघू, मंग ठरवू."

मी साहेबांना सांगितलं की ते झाड वाऱ्याच्या बाजूला आडोसा म्हणून ठेवते. साहेबांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि "ठेवा," म्हणाले. या बाबतीत मी त्यांची कायमची ऋणी आहे. त्यांना ते कारण पटलेलं नव्हतं.

त्यानंतर तीन वर्षं गेली. एका माघात संग्रहातली बाकी सगळी झाडं मोहरली, तिसरंही पहिल्यांदाच मोहरलं. आखाड्याची दोन्ही झाडं कोरी होती. फाल्गुनात दुपारी आभाळ आलं आणि वीस मिनिटं गारा पडल्या. मी आणि कौसाबाई शेडमध्ये उभ्या होतो, पत्र्याच्या आवाजात एकमेकींचं बोलणं ऐकू येत नव्हतं. थांबल्यावर बाहेर आलो तर जमिनीवर मोहराचा सडा होता. केशर गेला, शेप्या गेला, तिसरं झाडही झोडपलं गेलं.

महिन्याभरानं कौसाबाई मला हाताला धरून मागच्या तुकड्यात घेऊन गेली. दोन्ही आखाड्यांना मोहर आला होता. शेंडे तांबूस झाले होते आणि माश्यांचा आवाज येत होता.

आखाडात अकरा आंबे उतरले. त्यातले सहा मी चाचांच्या घरी नेले. ते खाटेवर बसले होते. त्यांनी एक आंबा हातात घेऊन हलका दाबला, देठ काढून पहिला चीक पुसला आणि डोळे मिटून चोखला. पूर्ण चोखून झाल्यावर कोय बशीत ठेवली.

"बराबर," ते म्हणाले. मग आत हाक मारली, "सुनती क्या, आखाड्या आया." चाची पदराला हात पुसत आल्या, आंबा बघितला आणि खाटेच्या कडेवर बसून रडायला लागल्या. आखाड्यानं घर चालवलं त्या गारपिटीच्या सालात त्या नुकत्याच सून म्हणून या घरात आल्या होत्या, असं चाचांनी मला नंतर सांगितलं.

आज आखाड्याची कलमं हसनाबादला, भोकरदनकडं आणि अंबडच्या बाजूलाही लागली आहेत. ज्याच्या विहिरीपाशी मोसंबी आहे, त्या शेतकऱ्यालाही मी दोन नेऊन दिली. त्यानं बांधावर लावली. हिरवा राहणारा त्याचा आंबा मी त्याला परत देऊ शकले नाही, याची बोच आहे ती आहे.

त्या अकरा आंब्यांनंतरच्या उन्हाळ्यात गारा पडल्या नाहीत आणि तिसऱ्या झाडाला फळ धरलं. गोल, मध्यम, एका गालावर लाली. पिकल्यावर मी कुणालाही हात लावू दिला नाही. चाचांना रिक्षातून आणलं. आता त्यांना आधाराशिवाय चालता येत नव्हतं. कौसाबाईनं झाडाखाली पोतं अंथरलं.

त्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. पुन्हा घेतला. आम्ही त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"कसा आहे, चाचा?"

"थांबा."

त्यांनी पूर्ण आंबा संपवला. मग म्हणाले, "बाई, मी सहा वर्षांचा होतो तेव्हापासून झाडावर चढून राह्यलो. ही चव मी खाल्ली न्हाई. अशी कधीच न्हाई." आणि ते हसायला लागले. पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस, हनुवटीवरून रस ओघळतोय आणि त्याचं त्यांना भान नाही. आम्हीही खाल्ला. आधी गोड लागला, मग मागून किसलेल्या आल्याची चाहूल लागावी तसं काहीतरी तिखटसर. याहून नीट मला सांगता येणार नाही.

"नाव सांगा याचं," मी म्हटलं. "तुम्हीच ठेवा."

"मी कोण ठेवणार? लोकांना खाऊ द्या. लोक ठेवतील."

कौसाबाईनं त्याला तिथल्या तिथं बिननाव्या म्हणायला सुरुवात केली. त्याच पावसाळ्यात तिनं त्याची चाळीस कलमं बांधली आणि अडतीस धरली.

चाचांनी तांब्यातल्या पाण्यानं हात धुतले. मग कोय धुतली, उलटसुलट करून बघितली आणि रुमालात बांधायला लागले.

"ही कशाला?" मी विचारलं.

"दारात लावतो."

"पण चाचा, कोयीतून हा परत येणार नाही. तुम्हाला माहीत आहे."

"हा कशाला परत पायजे?" गाठ मारत ते म्हणाले. "हा तर तुमच्याजवळ आहे. बघू की, ह्याच्यातून कोण येतं."